हॉलमार्कची ठिणगी: सोनं नेमकं कुठं जातं?

तुळशीकट्टा (धागा सुरू) – सोमवार, रात्री ९:१०

मागच्या आठवड्यात आईच्या जुन्या पाटल्यांवर हॉलमार्क करून घेतला. पाटल्या आजीच्या, १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाच्या आधी कोल्हापुरात गुजरीत (सराफ बाजारात) केलेल्या. सोनाराचा ठसा होता तो झिजून गेलाय, म्हणून हा खटाटोप. केंद्रातला मुलगा भला होता, त्याने आम्हाला यंत्राजवळ उभं राहून बघू दिलं.

छोट्या फ्रिजएवढी पेटी, तिला हिरवट काच. पाटली आत ठेवली, चाक फिरवून दोन लाल ठिपके एकमेकांवर आणले, आणि बटण दाबलं. चर्रर्र असा बारीक आवाज, एक पांढरा-निळसर ठिपका सोन्यावरून सरसर धावला, तीन-चार सेकंदांत काम झालं. बाहेर काढली तर आतल्या अंगाला बीआयएसचं चिन्ह, २२के९१६ आणि सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक.

आई जिना उतरेपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "एवढी ठिणगी उडाली म्हंजे सोनं गेलंच की गं. कुठं गेलं ते?"

मला उत्तर देता आलं नाही, आणि तेव्हापासून तोच प्रश्न डोक्यात आहे. ती ठिणगी म्हणजे काय? सोनं वितळलं, जळलं की उडालं? यंत्रावर २० वॅट लिहिलं होतं. माझ्या स्वयंपाकघरातला एलईडी दिवा ९ वॅटचा आहे. तसले दोन दिवे मिळून सोन्याची वाफ कशी करतील? जाणकारांनी सांगावं, आईला सांगायचं आहे.

शंकासुर – सोमवार, रात्री ९:२६

प्रश्न आवडला. वाचतोय.

भोसरीकर – सोमवार, रात्री ९:४८

ताई, मी सोळा वर्षं लेझर कटिंगमध्ये आहे, आता स्वतःचं छोटं युनिट आहे. ठिणगी म्हणजे वितळलेल्या धातूचे थेंब. आमच्याकडे माइल्ड स्टील कापताना खाली जो पिवळा पिसारा पडतो तो सगळा वितळलेला आणि ऑक्सिजनमध्ये जळणारा लोखंडाचा रस. लेझर फक्त वितळवतो, ढकलून बाहेर काढायचं काम गॅसचं. स्टेनलेसला नायट्रोजन, साध्या पत्र्याला ऑक्सिजन. तेव्हा वाफ वगैरे फार नाही, सोनं वितळून कडेला सरकलं असणार.

प्रकाशकण – सोमवार, रात्री १०:३५

भोसरीकरांचं कटिंगच्या बाबतीत बरोबर आहे, पण मार्किंगचं गणित निराळं आहे. माझी पीएचडी याच विषयात झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते २० वॅट. कटिंगचा लेझर सहसा सलग चालू असतो, नळाच्या धारेसारखा. मार्किंगचा लेझर स्पंदांत, म्हणजे तुटक तुटक झटक्यांत येतो. २० वॅट ही त्याची सरासरी. समजा तो सेकंदाला २०,००० स्पंद सोडतो, म्हणजे एका स्पंदात १ मिलीज्यूल. ही ऊर्जा अगदी किरकोळ आहे. पण ती येते साधारण १०० नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या एक कोटीव्या भागात. तेवढ्यापुरती त्याची ताकद १० किलोवॅट होते. आणि ती पडते ०.०५ मिलिमीटरच्या ठिपक्यावर. भागाकार केला तर चौरस सेंटीमीटरला सुमारे ५० कोटी वॅट. भर दुपारचं ऊन चौरस सेंटीमीटरला एक दशांश वॅट असतं. म्हणजे त्या टिंबावर, त्या क्षणापुरतं, उन्हाच्या ५०० कोटी पट.

तुमचा दिवा ९ वॅटच देतो, पण सगळ्या खोलीला आणि रात्रभर. फरक वाटपाचा आहे.

आता सोन्यात काय होतं ते. प्रकाश धातूत शिरतो जेमतेम १०-२० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), आणि तिथल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनना जाऊन भिडतो. इलेक्ट्रॉन तापतात. अणूंची जाळी मात्र अजून थंडच असते. काही पिकोसेकंदांत (पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग) इलेक्ट्रॉन आपली उष्णता जाळीला देतात. ती उष्णता पसरायला लागते, पण १०० नॅनोसेकंदांत ती सोन्यात साडेतीन मायक्रॉनच्या आसपास जाते. केसाची जाडी ७० मायक्रॉन धरा. म्हणजे पाटलीला पत्ताच नाही, आणि वरचा पापुद्रा वितळून, उकळून, वाफ होऊन निघालासुद्धा. सोनं १०६४ अंशांना वितळतं आणि अठ्ठावीसशेच्याही वर उकळतं, हे सगळं त्या पापुद्र्यात होऊन जातं.

ही वाफ निघत असताना लेझर अजून चालूच असतो. वाफेतून आरपार जाताना तो वाफेलाच तापवतो. अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि वाफेचा प्लाझ्मा होतो. तुम्ही पाहिलेला पांढरा-निळसर ठिपका तो हाच. तापमान १०,००० अंशांच्या घरात. सूर्याचा पृष्ठभाग ५,८०० केल्विन आहे, म्हणजे आजीच्या पाटलीवर काही क्षण सूर्यापेक्षा तप्त टिंब होतं. आणि चर्रर्र आवाज म्हणजे त्या हजारो छोट्या स्फोटांचे हवेला बसलेले धक्के.

मंजिरी_नागपूर – सोमवार, रात्री १०:५२

आजीच्या पाटलीवर सूर्यापेक्षा तप्त टिंब! वाचनखूण साठवली.

भोसरीकर – सोमवार, रात्री ११:०५

वाटपाचा मुद्दा पटला. पण ठिणग्या उडतात त्या थेंबच, हे मी सोडणार नाही. पल्स लेझरने गंज काढतो तेव्हाही उडतात.

प्रकाशकण – सोमवार, रात्री ११:१४

सोडूही नका, तुमचं खरंच आहे. पृष्ठभागाला चिकटून बसलेला निळा-पांढरा ठिपका प्लाझ्मा, आणि त्यातून रेघ काढत लांब उडते ती ठिणगी म्हणजे वितळलेला थेंब. प्लाझ्माचा दाब खालच्या रसावर पडतो आणि रस कडेने उसळतो. पाटलीवरच्या अक्षरांच्या कडा भिंगातून पाहिल्या तर उचललेल्या दिसतील, नांगराच्या तासाला दोन्ही बाजूंना माती चढते तशा. म्हणजे थोडं सोनं वाफ, थोडं थेंब, आणि बरंचसं तिथल्या तिथे कडेला.

वैद्य_गुरुजी – मंगळवार, सकाळी ७:२०

(मी गणिताचा मास्तर, वैद्य आडनाव आहे, औषधं विचारू नयेत.)

सोन्याचा हिशोब करून टाकू. सगळ्या खुणेच्या रेघा मिळून १५ मिलिमीटर लांब, ०.०५ मिलिमीटर रुंद आणि ०.०१ मिलिमीटर खोल धरल्या. घनफळ ०.००७५ घन मिलिमीटर. बावीस कॅरेटचा घन मिलिमीटर साधारण १७.७ मिलिग्रॅम. म्हणजे ०.१३ मिलिग्रॅम. भाव ग्रॅमला दहा हजार धरला तर सव्वा-दीड रुपया, तोही सगळं सोनं उडालं असं मानून. कडेला चढलेलं वजा केलं तर त्याहून कमी. आईंना सांगा, पेढ्याच्या कागदाला जेवढा पेढा चिकटतो तेवढंही गेलं नाही.

तुळशीकट्टा – मंगळवार, सकाळी ८:०२

गुरुजी, आईला वाचून दाखवलं. तिला हिशोब मान्य आहे. पण "सव्वा रुपयाचं असंना, गेलं कुठं?" हा प्रश्न तिने मागे घेतलेला नाही.

शंकासुर – मंगळवार, सकाळी १०:४०

माझी शंका. हा लेझर १०६४ नॅनोमीटरचा, अवरक्त. त्याच्या एका फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या एका कणाची, ऊर्जा १.१७ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप). सोन्याच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायला ९.२ लागतात. एक फोटॉन आठपट मोठं काम कसं करेल? आणि असे फोटॉन कितीही आले तरी एकेकटे दुबळेच ना?

(अवांतर: सोन्याचा वितळबिंदू १०६४ अंश सेल्सिअस आणि लेझरची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर. निव्वळ योगायोग, पण काल रात्री झोप लागेना.)

प्रकाशकण – मंगळवार, दुपारी १:१५

खरा प्रश्न हाच आहे. दोन वाटा आहेत.

नॅनोसेकंद लेझरची वाट गर्दीची. वाफ इतकी तापलेली असते की तिच्यात थोडे इलेक्ट्रॉन आधीच सुटे असतात. असा एक इलेक्ट्रॉन अणू-आयनांना धडकता धडकता प्रकाश शोषत राहतो. एका फोटॉनने भागत नाही, पण तो साठवत जातो. पुरेशी ऊर्जा झाली की एखाद्या अणूला धडक देऊन त्याचा इलेक्ट्रॉन पाडतो. एकाचे दोन, दोनांचे चार. दरड कोसळावी तसं.

फेम्टोसेकंद (पिकोसेकंदाचाही हजारावा भाग) लेझरची वाट निराळी. तिथे प्रकाश इतका दाटीने येतो की एकाच इलेक्ट्रॉनला अनेक फोटॉन एकदमच भेटतात आणि मिळून त्याला उचलतात. धडकाधडकी व्हायला वेळच नसतो. म्हणून फेम्टोसेकंदने काच, हिरा असले पारदर्शक पदार्थही कोरता येतात, जिथे साधा प्रकाश आरपार निघून जातो.

पहिल्या वाटेत एक मजा आहे. प्लाझ्मा फार दाट झाला तर तो लेझरलाच अडवतो. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो, कारण त्याचीच वाफ त्याला तव्यापासून लांब धरते. इथेही धातूची वाफच धातूचं रक्षण करते. म्हणून लेझरची ताकद दुप्पट केली की खड्डा दुप्पट होतो असं नाही. एका मर्यादेनंतर ज्यादा ऊर्जा फक्त प्लाझ्माच्या पोटात जाते. संशोधनाच्या पहिल्या वर्षी मी ताकद वाढवत बसलो होतो आणि खड्डे उथळ होत होते. सरांनी येऊन ताकद निम्मी केली आणि खड्डा खोल गेला. मला त्या दिवशी हे पहिल्यांदा समजलं.

भोसरीकर – मंगळवार, दुपारी २:३०

हे आम्ही रोज भोगलंय! आधी ज्या कारखान्यात होतो तिथे कार्बन डायऑक्साइड लेझरचं वेल्डिंग होतं. मध्येच वर निळा गोळा पेटायचा आणि खाली वेल्ड उथळ पडायचा. फोरमन म्हणायचा, "हेलियम वाढव." हेलियम सोडला की गोळा खाली बसायचा, वेल्ड परत आत जायचा. का ते कोणी सांगितलं नाही.

प्रकाशकण – मंगळवार, दुपारी ३:०५

हेलियमचा इलेक्ट्रॉन सोडवायला सगळ्या मूलद्रव्यांत जास्त ऊर्जा लागते, म्हणून तो सहजी प्लाझ्मा होत नाही. शिवाय कार्बन डायऑक्साइड लेझर १०.६ मायक्रॉनचा. तरंगलांबी वाढली की प्लाझ्माची शोषणक्षमता तिच्या वर्गाने वाढते. तुमच्या आताच्या फायबर लेझरची तरंगलांबी त्याच्या दशांश, म्हणजे हा त्रास जवळपास शंभरावा हिस्सा. तुमच्या फोरमनला नमस्कार.

भोसरीकर – मंगळवार, दुपारी ३:२०

तो आता गावी असतो, आज फोन करून सांगतो. सोळा वर्षांनी कारण कळलं.

खवय्या_सांगलीकर – मंगळवार, सायंकाळी ६:१०

एवढं तापमान आहे तर याच्यावर वांगं भाजून भरीत होईल का?

वैद्य_गुरुजी – मंगळवार, सायंकाळी ६:४०

नाही हो. प्रकाशकणांनी वर लिहिलंय, उष्णता आत शिरायच्या आधी पापुद्रा उडतो. वांग्याचं साल नाहीसं होईल आणि आतला गर कच्चाच राहील. भरताला सावकाश झिरपणारी आच हवी, निखाऱ्याला पर्याय नाही.

नेत्रपल्लवी – मंगळवार, रात्री ९:३०

खवय्यांनी गमतीत विचारलं, पण गुरुजींचं उत्तर म्हणजे माझा व्यवसाय. मी डोळ्यांची डॉक्टर आहे. चष्म्याचा नंबर घालवायला बुबुळावर जो एक्सायमर लेझर वापरतो, त्याचा सगळा भरवसा "साल जावं, गर कच्चा राहावा" यावरच आहे.

तो १९३ नॅनोमीटरचा, अतिनील. त्याच्या फोटॉनची ऊर्जा ६.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट. शंकासुर, इथे एकेकटा फोटॉन दुबळा नाही, पेशीजालातले रासायनिक बंध तो थेट तोडतो. तुटलेले तुकडे एकदम जास्त जागा मागतात आणि उसळून बाहेर पडतात. एका स्पंदाला साधारण पाव मायक्रॉन थर जातो. शेजारी भाजल्याची खूण जवळपास राहत नाही.

याची सुरुवात मला फार आवडते. अमेरिकेत आयबीएमच्या यॉर्कटाउनच्या प्रयोगशाळेत रंगास्वामी श्रीनिवासन, जन्माने मद्रासचे, आणि त्यांचे सहकारी सॅम्युएल ब्लम व जेम्स विन हा लेझर प्लास्टिकवर वापरत होते. नोव्हेंबर १९८१ मध्ये थँक्सगिव्हिंगच्या (अमेरिकी सणाच्या) दुसऱ्या दिवशी श्रीनिवासन घरच्या जेवणातला उरलेला टर्की प्रयोगशाळेत घेऊन आले आणि त्याच्यावर लेझर चालवला. कडा इतक्या स्वच्छ निघाल्या, जणू धारदार पात्याने कापलेल्या. त्या उरल्यासुरल्या मांसावरून पुढे लाखो लोकांचे चष्मे गेले.

एक मनापासून सांगते. शस्त्रक्रियेत रुग्णाला जळल्याचा वास येतो. तो उडालेल्या कणांचा वास असतो, डोळा भाजत नसतो. शिकत असताना एका रुग्णालयात मी पाहिलं, एका मुलीला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. वास आल्याबरोबर तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी सांगते: वास येईल, टकटक आवाज येईल, घाबरायचं नाही.

मंजिरी_नागपूर – मंगळवार, रात्री ९:५५

डॉक्टर, २०१७ साली माझं झालंय, वास आठवला. आज त्याचं कारण कळलं.

आकाशवाट – बुधवार, सकाळी ११:००

ठिपक्याच्या रंगाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. प्लाझ्मा थंड होताना प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या रंगांच्या रेघा सोडतं. तांब्याच्या ५१०, ५१५ आणि ५२१ नॅनोमीटरच्या हिरव्या रेघा अगदी ठळक. पाटलीत ९१.६ टक्के सोनं, उरलेलं तांबं-चांदी. म्हणजे ती ठिणगी नुसती ठिणगी नव्हती, पाटलीत काय काय आहे ते ती प्रकाशात सांगत होती. वाचायला वर्णपटमापक हवा, एवढंच.

हीच युक्ती चांद्रयान-३ च्या प्रज्ञान बग्गीवर होती. २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलं, आणि आठवडा व्हायच्या आत लेझरने चंद्राच्या मातीची ठिणगी पाडून दक्षिण ध्रुवाजवळ गंधक असल्याचं इस्रोने जाहीर केलं. जोडीला ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोह, क्रोमियम, टायटॅनियम, मँगनीज, सिलिकॉन, ऑक्सिजन. उपकरण बंगळुरूच्या इस्रोच्याच प्रयोगशाळेचं. एका छोट्या पेटीने जागेवर बसून हे सांगितलं, माती पृथ्वीवर आणावी लागली नाही.

मंगळावर नासाच्या क्युरिऑसिटी बग्गीने हे आधी केलं. १९ ऑगस्ट २०१२ ला 'कॉरोनेशन' नावाच्या मुठीएवढ्या दगडावर १० सेकंदांत ३० स्पंद. सात मीटर लांबून ती दगड तपासू शकते. नंतरच्या पर्सिव्हरन्सवर तर मायक्रोफोनही आहे, मंगळावरच्या दगडावर लेझर आपटल्याचं टक्-टक् २०२१ मध्ये आपण ऐकलं. तुळशीकट्टा, तुमच्या चर्ररची सख्खी बहीण.

शंकासुर – बुधवार, सकाळी ११:३५

चंद्रावर हवा नाही. मग प्लाझ्मा तिथे टिकतो कसा?

आकाशवाट – बुधवार, दुपारी १२:१०

फारसा टिकत नाही, भसकन पसरतो आणि उजेड कमी पडतो. पृथ्वीवर उलट, जाड हवा त्याला दाबून धरते. मंगळाची हवा आपल्या एक टक्क्याहूनही विरळ, आणि या कामाला ती अगदी सोयीची: प्लाझ्मा मोकळा फुलतो, पण निसटून जात नाही.

हॉलंडचे_पाटील – बुधवार, रात्री ११:४५

उशिरा आलो. मी आइंडहोव्हनजवळ राहतो, चिप छापायच्या यंत्रांच्या धंद्यात आहे. जे जगजाहीर आहे तेवढंच लिहितो. धागाकर्तीने हा धागा मोबाइलवरून लिहिला असेल आणि तो अलीकडचा, वरच्या किमतीचा असेल, तर त्यातली चिप बहुतेक अशाच ठिणगीच्या उजेडात छापलेली आहे.

यंत्रात निर्वातात वितळलेल्या कथलाचे थेंब सोडतात, सुमारे ३० मायक्रॉनचे, सेकंदाला ५०,०००. प्रत्येक थेंबाला लेझरचे दोन तडाखे. पहिला हलका, थेंबाची चपटी चकती करतो. दुसरा जोराचा, भोसरीकरांच्या ओळखीच्या कार्बन डायऑक्साइड लेझरचा, त्या चकतीचा काही लाख अंशांचा प्लाझ्मा करतो. त्यातून १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश निघतो. तो हवेत आणि काचेतही शोषला जातो, म्हणून सगळा खेळ निर्वातात आणि आरशांवर.

आणि आईंचा प्रश्न, "गेलं कुठं", हा आमचाही सगळ्यात मोठा प्रश्न! उडालेलं कथील आरशावर बसलं तर आरसा आंधळा. म्हणून आत हायड्रोजन खेळवतात, तो कथलाशी संयोग पावून त्याला वायुरूपात बाहेर नेतो. कोल्हापूरच्या आईंनी जिना उतरताना जे विचारलं त्यावर इथे माणसांनी वर्षानुवर्षं घालवली आहेत.

तुळशीकट्टा – गुरुवार, सकाळी ७:४५

पाटील, हा प्रतिसाद आईला दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा तिनेच वाच म्हटलं.

वैद्य_गुरुजी – गुरुवार, सकाळी ९:१०

ताकद आणि ऊर्जा यांत लोकांचा घोळ होतो, म्हणून आणखी दोन हिशोब.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १०० टेरावॅट गटातला लेझर आहे (एक टेरावॅट म्हणजे दहा लाख मेगावॅट). कोयना वीजप्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट. म्हणजे तो लेझर जवळपास ५१,००० कोयना! पण ३० फेम्टोसेकंदांपुरता. ऊर्जा भरते ३ ज्यूल. तीनशे ग्रॅमचा पेरू एक मीटरवरून पडला तर तेवढीच. इतक्या छोट्या काळात इतकी ताकद कोंबायची रीत डोना स्ट्रिकलंड आणि जेरार्ड मुरू यांनी १९८५ मध्ये काढली: स्पंद आधी ताणायचा, मग वाढवायचा, मग परत आवळायचा. न ताणता वाढवला तर वाढवणाऱ्या स्फटिकालाच तो फोडतो. त्याबद्दल २०१८ चं नोबेल.

दुसरा, अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीचा. ५ डिसेंबर २०२२ ला १९२ लेझर शलाकांनी २.०५ मेगाज्यूल आत घातले आणि हलक्या अणुगर्भांच्या संमीलनातून ३.१५ मेगाज्यूल बाहेर आले. आपल्या विजेच्या बिलात ३.१५ मेगाज्यूल म्हणजे ०.८७५ युनिट. एक युनिटसुद्धा नाही. आणि लेझर चालवायला ३०० मेगाज्यूलच्या आसपास लागले, म्हणजे ८० युनिटच्या वर.

प्रकाशकण – गुरुवार, सकाळी १०:२५

गुरुजी, त्या प्रयोगाचा गाभाही पापुद्रा उडवणं हाच आहे. लेझर सोन्याचं अस्तर असलेल्या छोट्या नळकांड्याच्या आतल्या भिंतीवर पडतात (तिथेही सोनंच!), तिचा प्लाझ्मा होऊन क्ष-किरण निघतात, आणि ते आत ठेवलेल्या दोनेक मिलिमीटरच्या गोळीचा बाहेरचा थर उडवतात. थर बाहेर उडाला की उरलेली गोळी आत ढकलली जाते. दिवाळीतला बाण धूर खाली सोडून वर जातो, तसा इथे चहू बाजूंनी एकदम आत जाणारा बाण.

सावली_वसई – गुरुवार, दुपारी ४:००

मला यातलं विज्ञान कळत नाही, पण एक विचारते. तो हॉलमार्कचा मुलगा दिवसभर त्या पेटीजवळ असतो. त्याला काही अपाय?

प्रकाशकण – गुरुवार, रात्री ८:५०

बरं विचारलंत. दोन गोष्टी.

एक, डोळे. १०६४ नॅनोमीटर डोळ्याला दिसत नाही, पण बुबुळाचं भिंग तो थेट पडद्यावर गोळा करतं. दिसत नाही म्हणून पापणीही मिटत नाही. ती हिरवट काच त्यासाठीच असते, पेटी उघडी ठेवून यंत्र कधीच चालवू नये. आमच्या वेळी एका प्रयोगशाळेत माझ्या एका वरिष्ठ मित्राने ठिणगी नीट दिसेना म्हणून क्षणभर गॉगल वर केला. परावर्तित शलाका. त्याच्या डाव्या डोळ्यात मधोमध काळा ठिपका कायमचा राहिला. तो आजही वाचताना पान जरा तिरकं धरतो. मी शिकवायला लागलो तेव्हापासून पहिला तास यावरच घेतो: अंगठी, घड्याळ काढा, गॉगल लावा, मग बोलू.

दोन, धूर. प्लाझ्मा निवला की वाफेचे नॅनोमीटरच्या मापाचे कण होतात. ते फुप्फुसात खोल जातात. पेटीला धूर ओढणारा पंखा आणि गाळणी हवीच.

आणि हेच, तुळशीकट्टा, आईंच्या प्रश्नाचं उत्तर. सोनं जळत नाही, हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचं जमत नाही. वाफ झाली, प्लाझ्मा झाला, निवला, आणि पुन्हा सोनंच झालं. फक्त डोळ्यांना न दिसणारे कण होऊन गाळणीत आणि पेटीच्या भिंतींवर जाऊन बसलं.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पाण्याच्या बीकरमध्ये सोन्याचा छोटा पत्रा ठेवून त्याच्यावर लेझर मारायचो. पाण्यात टक्-टक् आवाज, प्रत्येक ठोक्याला पत्र्यावर पांढरं टिंब. पाच मिनिटांत पाण्यात गुलाबी धूर पसरल्यासारखा दिसायचा, वीस मिनिटांत सगळं पाणी पातळ कोकम सरबताच्या रंगाचं. सोन्याचे कण इतके बारीक झाले की ते पिवळे दिसत नाहीत, लाल दिसतात. याचं मूळही पुण्यात आहे: पाण्याखालच्या लोखंडावर स्पंदित लेझर मारून त्याची निराळी ऑक्साइडं तयार करण्याचं काम पुणे विद्यापीठाच्या पाटील, ओगले, भिडे आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलं. द्रवातल्या या पद्धतीवर आज जगात कुठेही लिहिलं जातं तेव्हा बहुधा सुरुवातीला त्या कामाचं नाव येतं.

भोसरीकर – गुरुवार, रात्री ९:१५

म्हणजे त्या गाळणीत सोनं साठतंय. झारेकऱ्यांना कळवायला पाहिजे!

नेत्रपल्लवी – गुरुवार, रात्री ९:२२

झारेकरी हा शब्द किती वर्षांनी ऐकला. आमच्या आळीत सोनारांच्या दुकानांसमोरची माती झाडून नेऊन धुवायचे.

तुळशीकट्टा – रविवार, दुपारी १२:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आईला घेऊन पुन्हा त्या केंद्रात गेले. मुलाला विचारलं, गाळणीचं काय करता? त्याने पेटीमागचं झाकण काढून दाखवलं. पांढरी असायला हवी ती गाळणी राखाडी-तपकिरी झाली होती, मध्ये काळपट. तो म्हणाला, गाळण्या टाकून देत नाहीत, मालक पिशवीत साठवतात, वर्षातून एकदा गाळायला देतात. आईने गाळणीवरून बोट फिरवायला हात पुढे केला, मी धुराचं सांगून थांबवलं.

मग सोनाराकडे गेलो. त्याच्या डोळ्याच्या भिंगातून मी पाटली पाहिली. प्रकाशकण, अगदी तास काढल्यासारखी अक्षरं आहेत, दोन्ही कडा चढलेल्या, आणि तळाशी छोटे छोटे गोल खड्डे एकमेकांवर चढलेले, पावसाचे पहिले थेंब धुळीत पडल्यासारखे. प्रत्येक खड्डा म्हणजे एक स्पंद असणार. पाटली काट्यावर ठेवली. हॉलमार्कआधीचं वजन आईच्या पावतीवर होतं. काटा दोन दशांशांपर्यंत दाखवतो, शेवटचा आकडाही हलला नव्हता.

आईने पाटल्या हातात चढवल्या, मनगट उजेडाकडे वळवून आतली अक्षरं दिसतात का पाहिलं, आणि येताना रिक्षात विचारलं, "त्या सरांना विचार, ते लाल पाणी आटवलं तर सोनं परत पिवळं होतंय का."

प्रकाशकण, होतं का?

प्रकाशकण – रविवार, दुपारी १:०५

होतं. कण एकत्र आले की पाणी आधी जांभळट होतं, मग निळसर, आणि पूर्ण आटवल्यावर बीकरच्या तळाला पातळ सोनेरी पुटं राहतात. आमच्या बीकरमधली मी नखाने खरवडून पाहिली होती.